आई परळच्या रुग्णालयात, मी टोरांटोत: तिला धीर द्यावा तो कसा?

सागरपार (टोरांटो)

नमस्कार. माझी आई ७८ वर्षांची आहे आणि वडील गेल्यापासून, म्हणजे गेली सहा वर्षे, गिरगावातील आमच्या चाळीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एकटी राहते. गेल्या मंगळवारी पहाटे गॅलरीच्या टोकाला असलेल्या सामायिक संडासाकडे जाताना ओल्या फरशीवरून तिचा पाय घसरला आणि उजव्या खुब्याचे हाड मोडले. शेजाऱ्यांनी तिला खुर्चीत बसवून जिन्याने खाली उतरवले आणि परळच्या एका रुग्णालयात दाखल केले. गुरुवारी शस्त्रक्रिया होऊन खुब्यात कृत्रिम गोळा बसवण्यात आला, एक रात्र आयसीयूत ठेवून तिला वॉर्डात आणले, आणि फिजिओथेरपिस्टने तिला वॉकर धरून चार पावले चालवलेही. शस्त्रक्रियेच्या दृष्टीने सारे ठीक आहे, असे डॉक्टर सांगतात.

माझी धाकटी बहीण डोंबिवलीला राहते. स्त्रियांच्या वॉर्डात रात्री स्त्री नातेवाइकालाच थांबू देतात, त्यामुळे रात्रीही तीच आईच्या खाटेशेजारी चटई टाकून झोपते, सकाळी घरी जाऊन आंघोळ करते, डबा करते आणि दुपारी पुन्हा दादरला गाडी बदलून परळला येते. मी येथून जमेल तेव्हा व्हिडिओ कॉल करतो. आई प्रत्येक वेळी एवढेच म्हणते, ‘मी बरी आहे, तू जेवलास का?’ आणि मग भिंतीकडे पाहत राहते. मी म्हणतो, काळजी करू नकोस, सगळे ठीक होईल. ती मान हलवते, आणि मला पुढे काय बोलावे ते सुचत नाही.

त्यातच गेल्या दोन रात्री एक नवीनच प्रकार सुरू झाला आहे. संध्याकाळ झाली की ती बहिणीला विचारते की छतावर कपडे कोणी वाळत घातले आहेत. सिस्टरना ती माझ्या दिवंगत मावशीच्या नावाने हाक मारते, आणि मध्यरात्री ‘मला घरी ने, ही माणसे कोण आहेत’ म्हणून सलाईन ओढू पाहते. सकाळी ती पुष्कळशी पूर्वीसारखी असते. या वयात आईला विस्मरणाचा आजार जडला की काय, या विचाराने मला झोप लागत नाही.

मला फक्त दोन आठवड्यांची रजा मिळू शकते. मी लगेच निघावे, की ती घरी आल्यावर यावे? आणि तोवर इतक्या दूरवरून तिला बरे वाटावे असे मी नेमके काय बोलू, काय करू? ज्यांनी हे सोसले आहे, जवळून किंवा लांबून, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त परिचारिका (दादर)

मी मुंबईतील महापालिकेच्या रुग्णालयात ३१ वर्षे परिचारिका म्हणून काम केले आणि त्यातील बरीच वर्षे अस्थिरोग विभागात गेली. तुम्ही लिहिलेला रात्रीचा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे की सर्वांत आधी त्याविषयीच लिहिते.

संध्याकाळनंतर वाढणारा, सकाळी ओसरणारा आणि एकाएकी दोन दिवसांत सुरू झालेला हा गोंधळ बहुधा डिलिरियम असावा. विस्मरणाचा आजार महिन्या-वर्षांनी हळूहळू वाढतो. डिलिरियम तासा-दिवसांत येतो आणि दिवसभरात चढत-उतरत राहतो. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वयस्कर रुग्णांमध्ये तो वारंवार दिसतो. मात्र त्याला ‘वयामुळे होते’ म्हणून सोडून देऊ नये, कारण त्याच्यामागे बहुतेक वेळा काहीतरी कारण असते: लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे, लघवी तुंबणे, बद्धकोष्ठता, न सांगितलेली वेदना, वेदनाशामक किंवा झोपेची एखादी औषधे, पाणी कमी पडणे. म्हणून बहिणीला सांगा की उद्या सकाळच्या राऊंडला हे सर्व वेळेसह डॉक्टरांना सांगावे. रात्री काय झाले हे सकाळी येणाऱ्या डॉक्टरांना दिसत नाही. त्या वेळी रुग्ण शहाण्यासारखी उत्तरे देतो आणि गोष्ट तेथेच राहून जाते. उलट दिवसभर गप्प, पेंगुळलेला, भिंतीकडे पाहणारा रुग्ण ‘शांत आहे’ असे सर्वांना वाटते, पण तेही याचेच दुसरे रूप असू शकते, हेही डॉक्टरांच्या कानावर घाला. कारण सापडून उपचार झाले की बहुतेकांचा गोंधळ काही दिवसांत निवळतो, काहींना आठवडेही लागतात.

आता एक प्रश्न विचारते. तुमच्या आई चष्मा लावतात का, आणि त्यांना ऐकू कसे येते? शस्त्रक्रियेला नेण्यापूर्वी आम्ही रुग्णाच्या बांगड्या, कानातले, कवळी, चष्मा, श्रवणयंत्र असे सर्व काढून नातेवाइकांच्या हाती देतो. दागिने हरवू नयेत म्हणून नातेवाईक ती पिशवी घरी नेऊन कपाटात ठेवतात, आणि चष्माही त्याच पिशवीत घरी जातो. मग रुग्णाला घड्याळ दिसत नाही, माणसे ओळखू येत नाहीत, पडद्याची सावली कपड्यांसारखी दिसते, आणि आपण म्हणतो की आई भ्रमली. असे निदान दहा-बारा प्रसंग मला आजही आठवतात. ती पिशवी आजच उघडून पाहा.

रात्री त्या काही विपरीत बोलल्या तर वाद घालू नये. ‘कपडे नाहीतच’ असे ठासून सांगितले की भीती वाढते आणि विश्वास कमी होतो. ‘मला दिसत नाहीत, पण तुला भीती वाटते आहे हे कळते, मी येथेच आहे’ असे म्हणावे आणि हात हातात घ्यावा. दिवसातून अनेक वेळा, सहज बोलण्याच्या ओघात, त्यांना सांगत राहावे की आज कोणता वार आहे, त्या परळला का आहेत, पायाचे काय झाले आहे आणि आता पुढे काय होणार आहे. खाट खिडकीजवळ मिळाली तर मागून घ्यावी, दिवसा पडदा उघडा ठेवावा, दुपारी फार झोपू देऊ नये आणि रात्री उगाच उठवू नये. समोर एक मोठ्या आकड्यांचे घड्याळ आणि कालनिर्णयचे पान लावावे.

तुमच्या कॉलविषयी. गोंधळलेल्या रुग्णाला हातातल्या छोट्या पडद्यावर हलणारा चेहरा कधी कधी अधिकच घाबरवतो. संध्याकाळनंतर व्हिडिओ टाळावा. दिवसा, चष्मा लावून, पाठीला उशी देऊन बसवल्यावर करावा, आणि तो दहा मिनिटांपेक्षा लांबवू नये. ‘मला ओळखलेस का?’ हा प्रश्न कधीही विचारू नये. ती परीक्षा होते, आणि उत्तर आले नाही तर दोघांनाही लागते. तुम्हीच आधी आपले घरचे नाव सांगावे, कोठून बोलता ते सांगावे.

बहिणीसाठी एक सूचना: रोज आईचे केस खोबरेल लावून विंचरावेत आणि त्यांच्या सवयीची वेणी किंवा अंबाडा घालावा. वॉर्डात सगळ्या बायका एकसारख्या हिरव्या कपड्यांत असतात. स्वतःचे केस, स्वतःचा रुमाल आणि हातात स्वतःच्या बांगड्या आल्या की बाई पुन्हा स्वतःसारखी दिसू लागते. बांगड्यांना हरकत आहे का ते मात्र ड्युटीवरच्या सिस्टरना विचारून घ्यावे, कारण सलाईन असलेल्या हातात त्या अडचणीच्या ठरतात.

ठाण्याची लेक

मी ‘जवळची’ आहे, म्हणून तुमच्या बहिणीच्या बाजूने लिहिते. माझे वडील पक्षाघाताने ५१ दिवस रुग्णालयात होते आणि माझा भाऊ लंडनला होता. आज आमचे नाते उत्तम आहे, परंतु त्या ५१ दिवसांतील पहिले २० दिवस ते तसे नव्हते, आणि त्याचे कारण प्रेमाचा अभाव हे मुळीच नव्हते.

भाऊ दिवसातून पाच-सहा वेळा, त्याला वेळ मिळेल तसा, फोन करीत असे. एखादे वेळी बाबांना स्पंज करणे चालू असे, एखादे वेळी डॉक्टर समोर उभे असत, कधी बाबांना नुकता डोळा लागलेला असे. फोन उचलला नाही की त्याला काळजी वाटे, उचलला की मला कामात अडथळा होई. आणि बाबा? त्यांना तो केव्हा फोन करील हे ठाऊक नसल्यामुळे ते दिवसभर वाट पाहत. मी कंटाळून एके दिवशी भावाला सांगितले की रोज दुपारी बरोबर चार वाजता फोन कर, एक मिनिट उशीर नको आणि मधे एकही फोन नको. तिसऱ्या दिवशी मी पाहिले की साडेतीन वाजता बाबा वॉर्डबॉयला खुणेने सांगत होते की खाट वर कर आणि दाढी करून दे. त्यांच्या दिवसाला एक खुंटी मिळाली होती. बोलणे काही विशेष होत नसे. बाबांना नीट शब्दही फुटत नव्हते. भाऊ आपल्या खिडकीतून दिसणारा पाऊस दाखवी, आपण काय शिजवले ते सांगे आणि ‘उद्या चारला’ एवढे म्हणून फोन ठेवी. ‘सगळे ठीक होईल’ या वाक्यापेक्षा ‘उद्या चारला’ या दोन शब्दांवर बाबांचा अधिक विश्वास होता, कारण ते रोज खरे ठरत होते.

तुमच्याकडे सध्या उन्हाळी वेळ चालू असल्यामुळे मुंबईचे घड्याळ साडेनऊ तास पुढे आहे, म्हणजे येथील दुपारचे चार हे तुमचे सकाळचे साडेसहा. ही वेळ कामावर जाण्यापूर्वीची आहे आणि येथील भेटीच्या वेळेच्या आसपासही येते. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे येथे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा तुमच्याकडे दुपारचे साडेचार असतात. तुमची बहीण त्या वेळी चटईवर एकटी जागी असते आणि साऱ्या मुंबईत फोन करावा असे तिला कोणी नसते. आईला रात्री फोन नको, हे वर सिस्टरनी सांगितलेच आहे. परंतु बहिणीला सांगून ठेवा की रात्री कोणत्याही क्षणी ती तुम्हाला संदेश पाठवू शकते आणि तुम्ही जागेच असाल. त्या ५१ रात्रींत मला हे मिळाले असते तर मी बाबांशी दिवसा अधिक शांतपणे बोलले असते, असे मला मनापासून वाटते. रुग्णाचा धीर शेवटी जवळच्या माणसाच्या चेहऱ्यावरूनच ठरतो. तो चेहरा झोपेवाचून कोमेजला असेल तर आई तिची काळजी करीत बसते आणि ‘मी बरी आहे’ म्हणते.

दुरून करता येण्याजोगे काम पुष्कळ आहे. विम्याचे कागद, टीपीएशी (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेशी) होणारा पत्रव्यवहार, बिलांच्या छायाप्रती नीट लावून ठेवणे हे सर्व टोरांटोतून होते. नातेवाइकांचे फोन तुमच्याकडे वळवा: रोज एकदा तुम्ही सर्वांना एकच संदेश पाठवा, म्हणजे मामा, आत्या, चुलत भावंडे यांना तेच तेच वीस वेळा सांगण्यातून बहिणीची सुटका होईल. दिवसा आठ तासांसाठी एक आयाबाई ठेवा आणि तिचे पैसे तुम्ही द्या, पण बाई निवडण्याचे काम बहिणीवर सोडा. रात्री मात्र ओळखीचेच माणूस असू द्या. मावसबहीण, चाळीतली एखादी काकू यांना आठवड्यातून दोन रात्री थांबण्याची विनंती तुम्ही स्वतः फोन करून करा. मोठ्या भावाने मागितलेली मदत लोक नाकारत नाहीत, आणि बहिणीला मात्र मागायला संकोच वाटतो.

डॉक्टरांशी बोलणारे माणूस एकच असावे. तुमचे प्रश्न लिहून आदल्या रात्री बहिणीला पाठवा, ती राऊंडच्या वेळी विचारील. अमेरिकेतील वैद्यकीय क्षेत्रात ‘कॅलिफोर्नियाहून आलेली मुलगी’ असा एक शब्दप्रयोग आहे, तो १९९१ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकातील लेखातून रूढ झाला: लांब राहणारे अपत्य शेवटी येते आणि मनातील अपराधीपणापोटी जवळच्यांनी व डॉक्टरांनी ठरवलेले सारे उलटवू पाहते. माझा भाऊ २१ व्या दिवशी आला तेव्हा पहिल्याच संध्याकाळी त्याने रुग्णालय बदलण्याचा विषय काढला होता. मी काही बोलले नाही, परंतु बाबांनी डोळे मिटून घेतले, ते मला आजही दिसते.

तुम्ही केव्हा यावे, हे बहिणीला विचारा. तिला विचारले जाणे हीच तिच्यासाठी मोठी गोष्ट असेल. माझे मत विचाराल तर रुग्णालयात एका वेळी एकालाच आत सोडतात आणि सिस्टर हाताशी असतात. खरी ओढाताण घरी आणल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत होते. डॉक्टरांनी प्रकृती गंभीर असल्याचे सांगितले तर मात्र हा सारा हिशेब बाजूला ठेवून त्याच दिवशी निघा.

चिपळूणकर

परदेशच लांब असतो असे नाही. माझ्या वडिलांवर टाटा मेमोरियलमध्ये उपचार चालू असताना मी आणि आई दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत राहत होतो. घरी चिपळूणला माझी पत्नी, मुले आणि दोन म्हशी होत्या. वडिलांना आमच्या सहवासाने बरे वाटे, पण त्यांचा चेहरा खुलत असे तो घरून माझ्या मुलाचा आवाजी संदेश आला की. त्यात तो फक्त आज कोणत्या म्हशीने किती दूध दिले ते सांगे, आणि मागे गोठ्यातले आवाज येत. वडील तो एकच संदेश दिवसातून चार-पाच वेळा ऐकत. फोन एकदाच होतो, ध्वनिमुद्रित आवाज मात्र पाहिजे तेव्हा पुन्हा ऐकता येतो. तुम्हीही व्हॉट्सॲपवर दोन-दोन मिनिटांचे संदेश पाठवून ठेवा, आणि चाळीतील शेजाऱ्यांनाही तशी विनंती करा.

ठाकूरद्वारचे आजोबा

वर सर्वांनी नातेवाइकांच्या बाजूने लिहिले आहे. मी खाटेवरून लिहितो. दोन वर्षांपूर्वी, ७४ व्या वर्षी, माझाही खुबा मोडला आणि मी ११ दिवस रुग्णालयात होतो. माझे घरही चाळीत, तिसऱ्या मजल्यावर आहे.

त्या ११ दिवसांत भेटायला आलेल्या प्रत्येकाने मला सांगितले की काळजी करू नका, सगळे ठीक होईल. त्यांचे मन चांगले होते. परंतु त्या वाक्यानंतर मला माझी काळजी बोलून दाखवण्याची सोय उरत नसे. ती काळजी दुखण्याची किंवा मरणाचीही नव्हती. फिजिओथेरपिस्टने मला पहिल्याच दिवशी सांगितले होते की आता काही आठवडे मांडी घालून बसायचे नाही, पाटावर बसायचे नाही, खाली वाकायचे नाही आणि भारतीय पद्धतीच्या संडासात बसायचे नाही. आमच्या मजल्यावरचे चारही संडास भारतीय पद्धतीचे आहेत. मी रात्रभर छताकडे पाहत एकच विचार करीत असे की मी पुन्हा माझ्या घरी जाणार आहे की नाही, आणि नसेन तर ते मला केव्हा सांगणार आहेत. मुलगा आणि सून दाराबाहेर हळू आवाजात बोलत, तेव्हा ते याविषयीच बोलत असणार, अशी माझी खात्री होती. विचारण्याचे धैर्य मात्र मला होत नव्हते, कारण उत्तर नको ते आले असते तर रुग्णालयाच्या खाटेवर मी काय करणार होतो?

तुमच्या आई भिंतीकडे का पाहतात, हे मी सांगू शकत नाही. रात्री त्या ‘मला घरी ने’ म्हणतात तो आजारामुळे झालेला गोंधळ असेलही. पण तो गोंधळ त्यांना घरीच जाण्याविषयी बोलायला लावतो, हे ध्यानात घ्या. चाळीत ५० वर्षे राहिलेल्या माणसाला खोली बंद करून दुसरीकडे नेतात, आणि मग ती खोली बंदच राहते, हे आमच्या वयाच्या प्रत्येकाने शेजारीपाजारी पाहिलेले आहे.

माझ्या बाबतीत ही कोंडी फोडली ती माझ्या नातीने. तिने सरळ विचारले, ‘आजोबा, तुम्हाला कोठे जायचे आहे?’ सारी खोली स्तब्ध झाली. मी म्हणालो, घरी. मग माझ्या समक्ष बोलणे झाले: जिना कसा चढायचा, कमोडची खुर्ची खोलीत कोठे ठेवायची, ती साफ कोण करणार, सहा आठवडे मुलाकडे राहून मग परत येणे सोयीचे होईल का. मी स्वतःच म्हणालो की सहा आठवडे मुलाकडे राहीन. तोच निर्णय त्यांनी माझ्या अपरोक्ष घेतला असता तर मी तो जन्मात विसरलो नसतो. दुसऱ्या दिवसापासून माझे व्यायामात लक्ष लागू लागले. चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी, हे मी जपासारखे म्हणत असे, कारण आता मला चढायला एक जिना होता.

आणखी एक गोष्ट. आजारी माणसाला सगळे जण देत असतात: औषध, डबा, धीर. दिवसभर घेत राहण्याने मन फार खचते. त्यांच्याकडे काहीतरी मागा, खरोखर लागणारे काहीतरी. आणि कुलूप लावलेल्या घरात काय चालले आहे ते शेजाऱ्यांकडून विचारून त्यांना सांगा. गॅलरीतल्या तुळशीला पाणी कोण घालते, दूधवाल्याला कोणी सांगितले, पंपाची पाळी या आठवड्यात कोणाची होती, या बातम्या ऐकताना रुग्णालयात पडलेला माणूसही थोडा वेळ आपल्या दारात जाऊन उभा राहतो.

सागरपार (टोरांटो)

सर्वांचे उत्तर वाचून पाच दिवस झाले. मधल्या काळात जे घडले ते येथे नोंदवतो, कारण आपण सर्वांनी इतका वेळ दिला आहे.

सिस्टरताई, तुमचा प्रश्न मी त्याच रात्री बहिणीला पाठवला. चष्मा आणि उजव्या कानाचे श्रवणयंत्र, दोन्ही डोंबिवलीच्या कपाटात, बांगड्यांच्या पिशवीत होते. बहीण फोनवर रडू लागली. मी तिला तुमचा तो परिच्छेद पुन्हा वाचून दाखवला, ज्यात अशा दहा-बारा प्रसंगांचा उल्लेख आहे. सकाळच्या राऊंडला तिने रात्रीची सर्व हकिकत सांगितली, तपासण्या झाल्या, आईच्या रक्तातील सोडियम कमी निघाले आणि एक औषध बदलण्यात आले. काल आणि परवा, दोन्ही रात्री ती सलग चार-चार तास झोपली. छतावरचे कपडे आता नाहीत, संध्याकाळी मात्र अजूनही ती एक-दोनदा वार विचारते.

मी रोज येथील सकाळी साडेसहाला, म्हणजे तिच्या चार वाजता, फोन करतो. ठाण्याच्या ताई, तुम्ही लिहिल्याप्रमाणे रात्रीची वेळ मी बहिणीसाठी राखली आहे. पहिल्या रात्री तिने दोन वाजून दहा मिनिटांनी फक्त ‘आहेस?’ असे लिहिले. मी ‘आहे’ असे उत्तर दिले आणि मग तासभर आम्ही लहानपणच्या गोष्टी लिहीत राहिलो. कित्येक वर्षांत आम्ही एकमेकांशी इतके बोललो नव्हतो. मावसबहीण आणि शेजारच्या काकू यांनी आठवड्यातील तीन रात्री वाटून घेतल्या आहेत.

आजोबा, तुमचे उत्तर वाचल्यावर मी दोन दिवस धैर्य गोळा करीत होतो. शनिवारी चारच्या फोनवर मी आईला विचारले, ‘तुला कोठे जायचे आहे?’ ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, ‘खोलीची किल्ली कोणाकडे आहे?’ मी सांगितले की काकूंकडे आहे, त्या रोज दार उघडून देवाजवळ दिवा लावतात आणि तुळशीला पाणी घालतात. आई म्हणाली, ‘मला वाटले तुम्ही कुलूप घालून मोकळे झालात.’ त्यानंतर बहिणीच्या फोनवर आम्ही तिघे पाऊण तास बोललो. सिस्टरताईंनी सांगितलेली दहा मिनिटांची मर्यादा त्या दिवशी पाळली गेली नाही, पण आईच बोलत होती. डोंबिवलीच्या इमारतीला लिफ्ट आहे आणि कमोडही आहे, म्हणून शल्यचिकित्सक सांगतील तितके आठवडे ती तेथे राहील, हे तिने स्वतः ठरवले. गिरगावच्या खोलीत मोरीजवळ कमोडची खुर्ची ठेवण्याची जागाही तिने सांगितली, आणि त्यासाठी पिंप कोठे हलवायचे तेही.

माझे तिकीट मी तिच्या डिस्चार्जच्या अपेक्षित दिवसाच्या आदल्या दिवसाचे काढले आहे; तारीख बहिणीने निवडली.

काहीतरी मागा, असे तुम्ही लिहिले होते. येथील मराठी मंडळाच्या गणपतीला यंदा आमच्या घरातून २१ मोदक द्यायचे आहेत आणि माझी उकड दर वर्षी फाटते, हे अगदी खरे आहे. काल मी आईला ते सांगितले. तिने चष्मा सारखा केला आणि पाणी किती घेतोस म्हणून विचारले. मी सांगितले, अंदाजाने. ‘अंदाजाने नाही,’ ती म्हणाली, ‘जेवढे पीठ तेवढेच पाणी, त्याच वाटीने मोजून. चिमूटभर मीठ, चमचाभर तूप, आणि गरम आहे तोवर मळायचे, हात भाजले तरी.’ मग तिने बहिणीला सांगितले की उद्या चार वाजता त्याला वाटी दाखवायला लाव.